मागचा टायर दर आठ-नऊ हजार किलोमीटरांत चपटा होतोय? दुकानात जाण्याआधी हे तपासा

माझी रॉयल एनफील्डची मीटिअर ३५० मोटरसायकल आज ४५,१०० किलोमीटरवर आहे आणि मागे चौथा टायर चालू आहे. गाडीबरोबर आलेला पहिला टायर १९,००० गेला. दुसरा ९,४००. तिसरा ८,१००. तिसरा उतरवला त्या दिवशी पंक्चरवाल्याने तो हातात फिरवला आणि विचारलं, "दादा, गाडी टुरिंगला वापरता की भाजी आणायला?" कारण टायरच्या दोन्ही कडा नव्या कोऱ्या होत्या, रबराचे बारीक केससुद्धा शाबूत, आणि मध्ये चार बोटं रुंद गुळगुळीत पट्टा.

रोग दर वेळी तोच. पाच-सहा हजारांनंतर टायर मधून बसायला लागतो. सरळ रस्त्यावर काही जाणवत नाही. जाणवतं ते कराडहून चिपळूणला उतरताना कुंभार्ली घाटात. वळणात गाडी कलती करायला गेलं की आधी ती ऐकत नाही, जोर लावावा लागतो, आणि सपाट पट्ट्याची कड ओलांडली की एकदम धपकन आत पडते. कोरड्या रस्त्यावर याची सवय होते. पावसात मात्र पोटात गोळा येतो. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधल्या सांध्यावरून चाललं की मागचं चाक त्या सांध्याच्या मागे मागे जायला बघतं, तेही याच चपटेपणामुळे.

दोन वर्षं माझं निदान ठरलेलं होतं: स्वस्तातला टायर घेतला म्हणून झिजला. पुढच्या वेळी महागातला परदेशी घ्यायचा, आठ-दहा हजार जातील, जाऊ देत. सुदैवाने त्या वेळी खिशात तेवढे नव्हते. म्हणून घेण्याआधी जरा शोधाशोध केली आणि लक्षात आलं की आठ हजारांचा टायर बसवला असता तरी मी तोही तसाच खाल्ला असता. स्वस्त टायर घेताना मी दोन चुका केल्या होत्याच, त्या पुढे सांगतो. पण टायरला मारत होतं ते दुसरंच काहीतरी.

उतरवलेला टायर आधी वाचा

टायर बदलला की जुना दुकानातच सोडून यायची आपली पद्धत आहे. पुढच्या वेळी दहा मिनिटं थांबून तो उजेडात नीट बघा. कुठे झिजलाय त्यावरून बरंच कळतं.

मधोमध अरुंद पट्टा झिजला असेल तर हवा जास्त होती, किंवा तुमचं चालवणंच सगळं हायवेचं आहे. पट्टा रुंद असेल आणि गाडीवर ओझं असतं असं असेल, तर हवा कमी असल्याचा संशय घ्या. टायर जमिनीवर जास्त पसरतो, प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, तापतो आणि तापलेलं रबर लवकर जातं. खाचांच्या कडा करवतीसारख्या एका बाजूला उंच, एका बाजूला खाली झाल्या असतील (हे पुढच्या टायरला जास्त होतं) तर बॅलन्सिंग, फोर्क किंवा बेअरिंग बघायचं. एकाच बाजूला स्पष्ट जास्त झीज असेल तर चाक सरळ बसलेलं नाही.

या शेवटच्या मुद्द्यात एक गंमत आहे. उजवी बाजू डावीपेक्षा किंचित जास्त झिजलेली असेल तर घाबरू नका. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो, रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे सरळ चालणाऱ्या गाडीचा टायरही उजवीकडे जरा जास्त टेकतो. शिवाय उजवं वळण आपल्याला नेहमी मोठ्या घेराचं पडतं, म्हणजे उजव्या अंगावर जास्त अंतर कापलं जातं. किंचित फरक साहजिक आहे. एका बाजूला खाच आहे आणि दुसरीकडे नाही, एवढा फरक मात्र साहजिक नाही.

माझा पट्टा रुंद होता, आणि उजवी बाजूही जरा जास्तच गेली होती. म्हणजे संशयित दोन.

हवा: इथेच नव्वद टक्के प्रकरण होतं

मी हवा तपासत नव्हतो असं नाही. दर आठवड्याला पेट्रोल भरताना "पुढे बत्तीस, मागे छत्तीस" असं सांगून हवा भरून घ्यायचो आणि समाधानाने पुढे निघायचो. त्यात तीन भोकं होती.

पहिलं, पंपावरचा काटा. सहाशे रुपयांचा छोटा डायल गेज घेतला आणि ज्या पंपावर नेहमी भरतो तिथे भरून लगेच कोपऱ्यात जाऊन मोजलं. छत्तीस सांगितलेली हवा तीस निघाली. वाटलं गेज खोटा. मित्राकडे पायपंप होता, त्याच्या काट्यावर बघितलं, तिथेही तीस-एकतीस. मग नाद लागल्यासारखे शहरातले आणखी दोन पंप तपासले. एक अगदी बरोबर, एक दोन पीएसआयने कमी. म्हणजे गेली दोन वर्षं मी सर्वांत चुकीच्या पंपावर इमानेइतबारे जात होतो, कारण तिथे रांग नसते.

दुसरं, गरम टायर. गाडीवरच्या स्टिकरवरचा किंवा पुस्तिकेतला आकडा हा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी दोन-तीन तास उभी असताना. पुण्याहून चालवत आलो आणि पंपावर हवा तपासली तर आतली हवा तापलेली, दाब चढलेला. साधारण दर दहा अंश तापमानाला दीड पीएसआयचा फरक पडतो. तापलेल्या टायरमध्ये छत्तीस दिसलं म्हणजे सकाळी ते बत्तीस-तेहतीस असणार. आणि तापलेल्या टायरमधली "जास्त" हवा काढून टाकणं ही तर सर्वांत वाईट चूक, कारण थंड झाल्यावर तो आणखी खाली बसतो.

तिसरं, हळूहळू गळती. घरी सकाळी मोजायला लागल्यावर कळलं की आठवड्याला तीन-चार पीएसआय जातात. साबणाचं पाणी करून व्हॉल्ववर टाकलं, काही नाही. मग व्हॉल्वचा दांडा अंगठ्याने जरा एका बाजूला दाबला, तर बुडाशी रबराला बारीक चीर आणि तिथून मोहरीएवढे बुडबुडे. तीन टायर झाले, पण व्हॉल्व गाडी शोरूममधून निघाली तेव्हाचाच. नवा व्हॉल्व पन्नास रुपयांच्या आत येतो आणि तो बदलायला टायर उतरवावाच लागतो, म्हणून टायर बदलताना तो बदलणं एवढं सोपं काम आहे की कुणीच करत नाही. तुम्ही मागा. अ‍ॅलॉय रिमला खड्ड्यात पोचा आला असेल, किंवा टायरची कड जिथे रिमला बसते तिथे पांढरट बुरशीसारखा गंज असेल, तर तिथूनही अशीच गळती होते. ती जागा बारीक पॉलिश पेपरने साफ करून घ्यायची.

आता एक साधी परीक्षा सांगतो, जिला पैसे लागत नाहीत, फक्त स्वतःचा गेज लागतो. सकाळी थंड टायर मोजा. तासभर हायवेला चालवा, थांबल्याबरोबर परत मोजा. दहाएक टक्के वाढ झाली असेल, म्हणजे छत्तीसचे चाळीसच्या आसपास, तर हवा योग्य. वाढ त्याहून बरीच जास्त असेल तर टायर गरजेपेक्षा जास्त तापतोय, म्हणजे मुळात हवा कमी आहे किंवा ओझं जास्त आहे. माझ्या तिसऱ्या टायरवर मी ही परीक्षा त्याच्या शेवटच्या दिवसांत केली: सकाळी सत्तावीस, तळबीडच्या पुढे थांबलो तेव्हा तेहतीस. आणि तिथल्या पंपावरचा मुलगा म्हणाला, "ठीक आहे हवा."

मी आता मागे एकटा असताना बत्तीस आणि डबलसीट-सामान असताना छत्तीस ठेवतो. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या स्टिकरवर असेल, तोच धरा. टायरच्या कडेला कोरलेला दाबाचा आकडा म्हणजे त्या टायरची कमाल मर्यादा. आपण भरायचा आकडा तो नव्हे. हे मुद्दाम लिहितोय कारण माझ्या मेव्हण्याने तेवढी भरून गाडीचा घोडा करून ठेवला होता.

नायट्रोजनबद्दल विचारतात म्हणून एक ओळ: भरा हवं तर, पण नायट्रोजन भरला म्हणून महिनाभर गेज कपाटात ठेवू नका.

चाक सरळ आहे का, दोरी घेऊन बघा

दुसरा संशयित. चेन ताणली की मागच्या चाकाच्या दांड्याच्या म्हणजे अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवतात आणि झालं म्हणतात. त्या खुणांवर माझा फार विश्वास नाही. खूण जाड, डोळा वरून बघतोय, घाई आहे. एका बाजूला एक मिलिमीटर इकडे-तिकडे सहज होतं.

मेनस्टँडवर गाडी लावा, हँडल अगदी सरळ. न ताणणारी सुती दोरी मागच्या टायरच्या मागून गुंडाळून दोन्ही बाजूंनी पुढच्या टायरच्या पुढेपर्यंत आणा, जमिनीपासून जितकी वर नेता येईल तितकी, स्टँड आणि सायलेन्सर चुकवून. दोन्ही बाजूंना दोरी मागच्या टायरच्या मागच्या आणि पुढच्या, अशा दोन्ही कडांना जेमतेम टेकली पाहिजे. मग पुढच्या टायरपासून दोरी किती लांब आहे ते पट्टीने मोजा. मागचा टायर १४० मिमी रुंद, पुढचा १००, म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण वीस-वीस मिमीची फट हवी. प्रत्यक्षात टायरची रुंदी थोडी वेगळी असते, त्यामुळे वीसच आलं पाहिजे असं नाही, पण दोन्हीकडे सारखं आलं पाहिजे.

माझ्याकडे एका बाजूला चौदा, दुसऱ्या बाजूला सव्वीस आलं. पहिल्यांदा वाटलं दोरी चुकली. तीनदा केलं. हिशेब केला तर अ‍ॅक्सलच्या एका टोकाला जेमतेम एक मिलिमीटरचा घोळ होता, पण पुढच्या चाकापर्यंत जाईतो त्याचे सहा होतात. मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन बसते त्या दातेरी चकतीच्या) दात्यांची आतली बाजू आरशासारखी चकाकत होती, बाहेरची मळकट, तीसुद्धा हीच तक्रार सांगत होती. मला ती भाषा वाचता येत नव्हती.

याच बैठकीत मागचे शॉकअप बघितले. मीटिअरला मागे प्रीलोडचे, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची याचे, सहा टप्पे आहेत. माझे आजवर दुसऱ्यावर होते, मागे बायको असो, दोन्ही बाजूला बॅगा असोत. टूलकिटमधला वाकडा पाना त्या दिवशी प्रथमच पिशवीतून बाहेर आला. आता लांबच्या प्रवासाला पाचव्यावर करतो. गाडी मागे बसत नाही आणि पुढचं हँडल हलकं वाटत नाही.

आता टायर घेऊ या

एवढं सगळं झाल्यावर टायर. माझ्या गाडीला कंपनीने दिलेला आकार: पुढे १००/९०-१९ ५७पी, मागे १४०/७०-१७ ६६पी, दोन्ही ट्यूबलेस. हे आकडे घरातून निघताना कागदावर लिहून न्या, कारण दुकानात "बसतो हो सगळ्यांना" हे वाक्य ऐकावं लागणार आहे.

माझा दुसरा टायर असाच आला. १४०/७० संपला होता, तर दुकानदाराने १३०/७०-१७ काढला. "एकच आहे, दहा मिलिमीटरने काय होतंय, आणि हा पाचशेने स्वस्त." होतं बरंच काही. पहिला आकडा रुंदी, दुसरा आकडा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उंची, तिसरा रिमचा व्यास इंचांत. १४०/७०-१७ ची उंची ९८ मिमी, दोन्हीकडून मोजून अख्खं चाक सुमारे ६२८ मिमी. १३०/७०-१७ चं चाक ६१४. म्हणजे चाक १४ मिमीने लहान, तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे, आणि गाडी सात मिमी खाली. शिवाय रुंद टायरसाठी बनवलेल्या रिमवर अरुंद टायर ताणला जातो आणि माथा आणखी सपाट होतो. मला चपटेपणाचाच त्रास होता आणि मी जन्मतः चपटा टायर विकत घेतला.

उलट्या बाजूचा मोहही तितकाच वाईट. "दीडशेचा टाका, मागून गाडी कशी भरलेली दिसते." १४०च्या रिमवर १५० दाबला जातो, माथा टोकदार होतो, जमिनीला टेकणारा भाग वाढायच्या ऐवजी बदलतोच, आणि चेनजवळची मोकळी जागा कमी होते. त्यात १५०/६० टाकला तर चाक ६१२चं, म्हणजे १३०/७० पेक्षाही लहान. दिसायला भरलेलं, मोजायला लहान.

मग तो ६६पी. ६६ हा वजनाचा सांकेतिक आकडा आहे, त्याचा अर्थ पूर्ण दाबाला ३०० किलो. ६१ म्हणजे २५७, ६२ म्हणजे २६५, पुढच्या टायरचा ५७ म्हणजे २३०. पी म्हणजे ताशी १५० किमीपर्यंत. एस १८०, एच २१०. माझा हिशेब असा: गाडी १९१ किलो, मी ८४, बायको ५८, सामान २६. एकूण ३५९. त्यातला साठ-पासष्ट टक्के भार मागच्या चाकावर धरला तर २१५ ते २३३. म्हणजे ६१चा टायरही कागदावर चालतो. पण कागदावर हवा पूर्ण असते आणि रस्त्याला खड्डे नसतात. हवा सहा पीएसआयने कमी असेल तर तो आकडाही खाली येतो. कंपनीने ६६ दिलाय तर ६६ किंवा वर, खाली नाही. गतीचं अक्षर एच मिळालं तर चांगलंच, पण तेवढ्यासाठी हजार रुपये जास्त मोजायची मीटिअरला गरज नाही. ती गाडी दीडशेला जातच नाही.

तिसऱ्या टायरला आकार बरोबर घेतला, आकडा बरोबर घेतला, २,६०० रुपयांत मिळाला म्हणून खूश होतो. तारीख बघितली नाही. टायरच्या कडेला डीओटी अक्षरांनंतरच्या लंबगोलात शेवटचे चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. उतरवताना वाचलं तर ११२१. म्हणजे २०२१चा अकरावा आठवडा, मार्च महिना. मी घेतला होता नोव्हेंबर २०२४ मध्ये. पावणेचार वर्षं तो कुठल्यातरी पत्र्याच्या गोदामात उन्हाने भाजत पडला होता. खाचांच्या बुडाशी केसासारख्या चिरा आता दिसत होत्या. दुकानात जाऊन दाखवलं तर काका म्हणाले, "रबर आहे ते, दूध आहे का नासायला?" वाक्य झकास आहे, पण रबरही नासतं, फक्त फाटत नाही, कडक होतं. कडक रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही.

त्यामुळे आता दुकानात गेलो की मोबाइलची टॉर्च लावून आधी ते चार आकडे. हा लंबगोल टायरच्या एकाच बाजूला पूर्ण असतो, दुसऱ्या बाजूला नसतो, तेव्हा टायर उलटून बघावा लागतो. दुकानदार वैतागतो. वैतागू द्या. सहा महिन्यांच्या आतला असेल तर उत्तम, वर्षाच्या आतला चालेल, त्यापुढे मी घासाघीस करत नाही, सरळ निघतो. बाजूला आयएसआयची खूण आणि आयएस १५६२७ हा क्रमांकही बघा. दुचाकीच्या टायरचं ते भारतीय मानक आहे.

ब्रँड कुठला, हा प्रश्न सगळे पहिला विचारतात आणि मला तो शेवटचा वाटतो. एमआरएफ, सीएट, टीव्हीएस युरोग्रिप, अपोलो, जेके, यांपैकी तुमच्या नेमक्या आकारात, नेमक्या आकड्यात आणि ताज्या तारखेचा ज्याचा टायर तुमच्या गावात मिळतो, तो तुमचा ब्रँड. कमी बजेटमध्ये निवड खरं म्हणजे तिथेच संपते. त्यातही दोन नक्ष्या समोर असतील तर स्वतःला विचारा की पावसाळ्यात किती चालवता. माझ्यासारखं जून ते सप्टेंबर कोकणात उतरणं असेल तर खाचा मध्यापर्यंत येणारी, पाणी बाहेर काढणारी नक्षी घ्या. टायरच्या मध्यावर अखंड रबराची पट्टी असलेला टायर सरळ हायवेला जास्त टिकतो, पण ओल्यात मी त्याच्यावर तेवढा विसंबत नाही. मड-टेरेनसारखे मोठे गट्टू असलेले टायर फक्त दिसण्यासाठी टाकू नका, डांबरावर ते लवकर झिजतात आणि आवाज वेगळाच.

आकारात रुंदी-उंचीनंतर आडवी रेघ असेल तर साधा बायस टायर (आतले धागे तिरपे), आर असेल तर रेडियल (आतले धागे आडवे). माझ्या गाडीला दोन्ही बायस आले, म्हणून दोन्ही बायसच. एक रेडियल आणि एक बायस अशी खिचडी टायर किंवा गाडी बनवणाऱ्याने सांगितल्याशिवाय करू नये.

रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर, दुचाकीला नाही. मोठ्या गाड्यांवरून काढलेले "अजून सत्तर टक्के आहे" असे जुने टायर ऑनलाइन मिळतात, तेही नाही. त्यांची तारीख आणि त्यांनी किती खड्डे पाहिले, दोन्ही तुम्हाला कुणी सांगणार नाही.

किमतीचं सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्याच्या महिनाभरानंतर मी दिवाळीला टायर घेतला तेव्हा पहिल्या दुकानात जुन्या छापील किमतीवरच बोलणी चालली होती. पक्कं बिल मागितल्यावर भाव आपोआप उतरला. शेवटी दुसऱ्या दुकानात ३,८५० पडले, बसवून, व्हॉल्व आणि बॅलन्सिंगसकट, तारीख ३१२५. म्हणजे तीन महिन्यांचा ताजा.

आधीच्या दोन टायरचा हिशेब वहीत आहे. दुसरा २,९०० रुपये, ९,४०० किमी, म्हणजे हजार किलोमीटरला ३०८ रुपये. तिसरा २,६०० रुपये, ८,१०० किमी, हजाराला ३२१. जो सर्वांत स्वस्त होता तोच सर्वांत महाग पडला. अर्थात सगळा दोष त्यांच्या माथी मारणार नाही, कमी हवेवर तेही बिचारे धावत होते.

बसवताना शेजारी उभे राहा

चहा प्यायला जाऊ नका. लोखंडी पट्ट्या घालून हाताने टायर चढवताना अ‍ॅलॉय रिमला ओरखडे पडतात आणि कड दुखावते. मशीन असलेलं दुकान शोधा, पन्नास-शंभर जास्त लागले तरी. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो बघा. माझ्या डोळ्यांदेखत एका पोराने बाण उलटा ठेवून अर्धा टायर चढवला होता. टायरवर रंगीत ठिपका असेल तर ती हलकी जागा धरतात, तो व्हॉल्वपाशी येऊ द्या. कडेला साबणाचं पाणी लावून हवा मारली की दोनदा "फट्" असा आवाज येतो, एक एका बाजूची कड बसल्याचा, एक दुसऱ्या बाजूचा. एकच आवाज आला तर चाक फिरवून रिमजवळची गोल रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते पाहायला लावा.

मागचा ब्रेक, अ‍ॅक्सलचा नट आणि चेनचा ताण निघण्याआधी स्वतः बघा. हबमधले (चाकाच्या मध्यातले, चेनचे धक्के झेलणारे) रबर बाहेर आलेच आहेत तर दाबून बघा, ढिले असतील तर तेव्हाच बदला. आणि नव्या टायरवर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश, वळणात हळूहळू कल वाढवत. नवं रबर साच्यातून येताना वरून गुळगुळीत असतं. मी पहिल्याच संध्याकाळी घाटात गेलो नाही, एवढी अक्कल आता आली आहे.

पंक्चर होऊ नये म्हणून टायरमध्ये ओततात ते हिरवं द्रव मी टाकत नाही. ज्याने टाकलंय त्याच्या गाडीचा टायर उतरवायची वेळ आली की पंक्चरवाल्याचा चेहरा बघा.

तरीही हँडल थरथरत असेल तर

माझं थरथरत होतं. नवा टायर, नवा व्हॉल्व, चाक सरळ, हवा बरोबर, आणि ऐंशी-पंच्याऐंशीला हँडलमध्ये बारीक कंप. पुन्हा मागच्या टायरकडे संशयाने बघायला लागलो होतो. पण मागच्या चाकाचा दोष बहुधा सीटखाली जाणवतो, हातात जाणवला तर आधी पुढे बघावं. पुढच्या रिमवर दोन ठिकाणी चिकट गोंदाचे चौकोन होते आणि त्यांच्यावर काहीच नव्हतं. बॅलन्सिंगची वजनं कधीतरी धुताना निघून गेली होती. मशीनवर लावल्यावर पंधरा ग्रॅम लागले. शंभर रुपयांचं काम.

त्यानंतर प्लास्टिकचा एक व्हर्नियर घेतला आणि दर हजाराला मागच्या टायरच्या मधल्या खाचेची खोली वहीत लिहितो. नवा होता तेव्हा सात मिमी. काल, ८,६०० किलोमीटरनंतर, ४.१. खाचेच्या तळाशी टीडब्ल्यूआयचे, म्हणजे झिजेची हद्द दाखवणारे, जे उंचवटे असतात तिथपर्यंत मी जात नाही, दोन मिमीला बदलतो, कारण त्यापुढे कोकणच्या पावसात खाच पाणी काढत नाही. याच वेगाने झिजला तर १४,८०० पर्यंत जायला हवा, म्हणजे हजाराला २६० रुपये. पहिल्या टायरचे १९,००० काही येणार नाहीत, तेव्हा मी एकटाच फिरायचो आणि बॅगाही नव्हत्या.

पट्टा पडलाय का? पडलाय, दोन बोटांचा. परवा कुंभार्लीत पहिल्या मोठ्या वळणाला मी सवयीने दात-ओठ आवळून तयार राहिलो होतो, आणि गाडी गुपचूप वळली.